छोट्या बोर्डांसाठी टूलकिट रिलीज करताय? या चुका टाळा

तासगावजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमधून सकाळी सहाला फोन आला. “सर, तुमचा डबा अडकलाय. काल दुपारपासनं चार डिग्रीच दावतोय. दार उघडं ठेवून बघितलं, तरी चारच.” आत बेदाणा होता, आणि तोही लोकांचा. मी अंथरुणातच लॅपटॉप उघडून डब्यातलाच प्रोग्रॅम तीनदा चालवला. तिन्ही वेळा सुरळीत. डबा म्हणजे तापमान मोजणारं आमचं यंत्र, आत छोटा कॉम्प्युटर-बोर्ड. त्याच्यावर नवीन व्हर्जन आदल्या दिवशी दुपारी मीच टाकलं होतं.

आमचं टूलकिट, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमचा संच, अशा लहान लिनक्स बोर्डांसाठी आहे. सेन्सर वाचणं, रिले (विजेचे स्विच) चालू-बंद करणं, लॉग ठेवणं अशा बावीस आज्ञा एकाच बायनरीत, म्हणजे चालवायच्या एकाच तयार फाइलीत. ही कल्पना आमची नाही. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये डेबियन लिनक्सच्या इन्स्टॉल फ्लॉपीत सगळं मावावं म्हणून बिझीबॉक्स लिहिलं, तिथली आहे. फाइल एक, नावं अनेक. ज्या नावानं हाक मारली त्या नावाचं काम प्रोग्रॅम करतो. कोड खुला आहे, त्यामुळं कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपपासून कधी न भेटलेल्या परदेशी माणसापर्यंत कोणीही तो उचलतो. कोड लिहिणं आणि रिलीज करणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला उशिरा कळलं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

लॅपटॉपवर चाललं, बोर्डावर अडकलं

त्या डब्याचं दुखणं एका शब्दात होतं. नव्या व्हर्जनमध्ये सेन्सरची कॅलिब्रेशन फाइल एकेक अक्षर वाचणारं लूप होतं, आणि वाचलेलं अक्षर मी कॅरेक्टर टाइपच्या व्हेरिएबलमध्ये ठेवत होतो. फाइल संपली की वाचणारं फंक्शन उणे एक देतं. एक्स८६ (इंटेल-एएमडी) लॅपटॉपवर कॅरेक्टर साइन्ड, म्हणजे उणे आकडेही धरणारा असतो, त्यामुळं उणे एक हा उणे एकच राहतो आणि लूप थांबतं. बोर्डांवरच्या एआरएम प्रोसेसरच्या लिनक्सवर कॅरेक्टर मुळात अनसाइन्ड, म्हणजे उणे न धरणारा. तिथं उणे एकाचा २५५ होतो, २५५ आणि उणे एक कधी जुळत नाहीत, आणि लूप फाइल संपल्यावरही फिरत बसतं. प्रोसेसर तापलेला, पडद्यावर जुनाच आकडा.

हीच चूक लॅपटॉपवर उलटी चावते. फाइलमध्ये खरोखर २५५ हा बाइट आला तर लूपला वाटतं फाइल संपली, आणि ते मध्येच थांबतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीतल्या मराठी मजकुरात २५५ हा बाइट कधीच येत नाही. माझ्या टेस्टच्या सगळ्या फाइली मराठी-इंग्रजी मजकुराच्या होत्या, म्हणून हेही कधी सापडलं नाही.

इलाज दोन ओळींचा. व्हेरिएबल इंटिजर करा. आणि जीसीसी या कंपायलरला (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्याला) कॅरेक्टर अनसाइन्ड धरायला सांगणारा पर्याय देऊन लॅपटॉपवरच एकदा बिल्ड करून सगळ्या टेस्ट चालवा. कंपायलरच्या वॉर्निंगही वाचा. मी वाचत नव्हतो.

याच जातीची दुसरी चूक अलाइनमेंटची, म्हणजे आकडा मेमरीत कुठल्या पत्त्यापासून सुरू होतो त्याची. सेन्सरकडून आलेल्या पॅकेटच्या तिसऱ्या बाइटवर थेट चार बाइटचा पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) टेकवला, तर एक्स८६ निमूट वाचून देतो. जुन्या एआरएम९ बोर्डावर मात्र भलताच आकडा हातात येऊ शकतो, आणि प्रोग्रॅम पडतही नाही की शंका यावी. हवेतली आर्द्रता उणे दाखवणारा डबा मी पाहिलाय. मेमकॉपी या फंक्शननं बाइट उचलून व्हेरिएबलमध्ये ठेवा. कंपायलर ते पुरेसं वेगवान करतो. क्यूईएमयू या बोर्डाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टेस्ट जरूर करा, पण त्याच्यावर विसंबू नका. अशा ठिकाणी तो बऱ्याचदा चुकीला सांभाळून घेतो. रिलीजच्या आधी सगळ्यात जुना आणि सगळ्यात किरकोळ बोर्ड टेबलावर काढून त्याच्यावर चालवायचं. माझ्याकडं त्यासाठी एक आहे. त्याचं एक बटण तुटलंय.

टॅग हलवू नका

आमचं १.४ रिलीज केल्यावर दोन तासांनी एकाचा निरोप आला, बिल्ड होत नाही, एक हेडर फाइलच नाही. माझ्याकडं तर बिल्ड होत होतं! हेडर माझ्या डिरेक्टरीत होतं, गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या व्यवस्थेत, टाकायचं राहिलं होतं. मग मी सगळ्यात वाईट गोष्ट केली. फाइल घातली, १.४ चा टॅग (रिलीजची खूण) गुपचूप नव्या कमिटवर (नोंदीवर) सरकवला आणि कोणाला कळणार नाही असं मनाशी म्हटलं.

कळलं. बोर्डासाठी अख्खी लिनक्स सिस्टिम बांधणाऱ्या बिल्डरूटसारख्या व्यवस्थेत प्रत्येक पॅकेजबरोबर त्याच्या टारबॉलचा (कोडच्या एकत्र बांधलेल्या फाइलीचा) शा-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, लिहून ठेवलेला असतो. उतरवलेल्या फाइलचा हॅश जुळला नाही की बिल्ड तिथंच थांबतं. ज्यांनी पहिल्या दोन तासांत हॅश नोंदवला, त्या सगळ्यांच्या दृष्टीनं माझ्या फाइलमध्ये कोणीतरी हात घातला होता. त्यांचं काय चुकलं? सुटलेलं रिलीज सुटलं. चूक असेल तर १.४.१ काढा, आणि १.४ मध्ये काय बिघडलं ते स्पष्ट लिहा. आकडे फुकट असतात.

तेव्हापासून रिलीजच्या दिवशी मी माझ्या नेहमीच्या डिरेक्टरीत बिल्डच करत नाही. रिकाम्या जागी गिटमधून ताजं क्लोन (प्रत), त्यातून टारबॉल, तो टारबॉल तिसऱ्याच जागी उघडायचा आणि तिथं बिल्ड करायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आपोआप बनणाऱ्या टारबॉलवर हॅश लावून ठेवणं ही आणखी एक फसगत. जानेवारी २०२३ मध्ये तिकडं कॉम्प्रेस करण्याची पद्धत बदलली, आतल्या फाइली जशाच्या तशा असूनही हॅश बदलले, आणि जगभर बिल्ड पडायला लागले. बदल लगेच मागे घेतला गेला, पण धडा राहिला. टारबॉल स्वतः बनवून चढवा, शेजारी हॅश आणि डिजिटल सही ठेवा.

तो टारबॉल कोणालाही पुन्हा हुबेहूब बनवता यायला हवा. टारबॉल बांधणाऱ्या टारला फाइली नावाच्या क्रमानं लावायला सांगा, मालक शून्य ठेवा, वेळ शेवटच्या कमिटची द्या, आणि तो दाबणाऱ्या जीझिपला नाव-वेळ लिहू नको म्हणून सांगा. बायनरीत बिल्डची तारीख घुसवत असाल तर सोर्स डेट एपॉक हे व्हेरिएबल वापरा; जीसीसी ७ पासून कंपायलर ते मानतो. हे सोवळं कशासाठी, असं विचारणाऱ्यांना मी एक्सझेड या फाइल दाबायच्या टूलची आठवण करून देतो. मार्च २०२४ मध्ये त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, सापडलं. ते दार उघडणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दूरून शिरायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून प्रोग्रॅमर आंद्रेस फ्रॉइंड यांनी खोदकाम केलं, म्हणून ते बाहेर आलं. गिट आणि टारबॉल यांची तुलना कोणीही घरबसल्या करू शकेल अशी सोय ठेवणं आपल्या हातात आहे.

पर्याय बंद केला की तुटतं

छोट्या फ्लॅशवर लोक नको त्या आज्ञा बंद करतात, त्यासाठीच तर कॉन्फिगचा मेनू दिलेला असतो. आम्ही मात्र कायम सगळं चालू ठेवून बिल्ड करायचो. मग कोणीतरी लॉगची आज्ञा बंद केली आणि रिलेच्या कोडनं लॉगचं फंक्शन मागितलं, लिंकर (कोडचे तुकडे जोडणारा) रडला. बिझीबॉक्सवाले सगळं बंद ठेवून आणि यादृच्छिक पर्याय निवडूनही बिल्ड करून बघतात. तेच उचला. रात्री मशीनला पन्नास यादृच्छिक कॉन्फिग बनवायला लावा आणि सकाळी काय तुटलं ते बघा. पहिल्या रात्री आमचे नऊ तुटले.

आकाराचंही तसंच. तीस ओळींचा एक छान पॅच (कोणी पाठवलेला बदल) आला होता, घेतला, आणि स्टॅटिक (सगळ्या लायब्ररी आतच घेतलेली) बायनरी फुगली. एका साध्या तुलनेसाठी त्यात रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले साचे शोधायची पद्धत) वापरलं होतं आणि त्यामागून त्याचं अख्खं यंत्र आत आलं. प्रत्येक पॅचच्या आधी आणि नंतर बायनरीचं माप घ्या. कोणतं फंक्शन किती वाढलं हे सांगणारी ब्लोट-ओ-मीटर ही स्क्रिप्ट बिझीबॉक्स आणि लिनक्स कर्नल दोन्हींच्या कोडमध्ये आहे.

ग्लिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीनं स्टॅटिक बनवलेली बायनरी लॅपटॉपवर सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधते, बोर्डावर शोधत नाही? नाव शोधण्यासाठी ती चालताना शेअर्ड लायब्ररी मागते. लिंकर तशी वॉर्निंगही देतो. ग्लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी वापरा, प्रश्न मिटतो.

लाईट गेली आणि सेटिंग पुसलं

आमच्याकडं शेतीची थ्री-फेज लाईट पाळीनं येते, आणि जाताना सांगून जात नाही. पलूस भागातल्या एका बागेतला डबा दर काही आठवड्यांनी सगळं सेटिंग विसरायचा. फ्लॅशवरची सेटिंगची फाइल उघडली तर शून्य बाइट. आमचा कोड आधी जुनी फाइल रिकामी करायचा, मग नवं लिहायचा. त्या दोन पावलांच्या मध्ये लाईट गेली की जुनंही गेलं आणि नवंही.

बरोबर क्रम असा. नवी फाइल वेगळ्या नावानं लिहायची, एफसिंक करायचं (फ्लॅशवर खरोखर उतरवायचं), मग जुन्या नावावर रीनेम करायचं, आणि शेवटी डिरेक्टरीचंही एफसिंक. म्हणजे लाईट कधीही गेली तरी जुनी पूर्ण फाइल मिळते किंवा नवी पूर्ण, अर्धवट नाही. नवी फाइल त्याच डिरेक्टरीत लिहा. मी पहिल्यांदा ती टेम्प डिरेक्टरीत लिहिली. आमच्या बोर्डावर टेम्प रॅममध्ये आहे, म्हणजे फाइल सिस्टिमच वेगळी, आणि दोन फाइल सिस्टिममध्ये रीनेम होत नाही. त्या बागेत दुसरी फेरी त्यासाठी झाली. दादांनी दोन्ही वेळा द्राक्षं दिली, दुसऱ्या वेळी जरा हसून.

फ्लॅशवर दर मिनिटाला लॉग लिहिणं हीसुद्धा मंद विषबाधा आहे. नॉर या जातीच्या फ्लॅशचा एक सेक्टर (तुकडा) साधारण एक लाख वेळा पुसता येतो. एकच सेक्टर दर मिनिटाला पुसत राहिलात तर एक लाख मिनिटं सत्तर दिवसांत संपतात. झीज वाटून देणारी फाइल सिस्टिम असेल तर जास्त टिकतो, पण लॉग रॅममध्ये साठवून तासाला एकदा उतरवणं बरं.

लाईट आल्यावर सर्व्हरशी जोडणी होत नाही, सर्टिफिकेट अजून लागू नाही असं म्हणतंय? घड्याळाला बॅटरी नसलेला बोर्ड लिनक्सच्या घड्याळाच्या शून्यावर, म्हणजे १९७० मध्ये जागा झालाय. आधी वेळ मिळवा, मग जोडा. आणि ३२ बिटच्या बोर्डावर वेळेचा टाइप ६४ बिट आहे ना, हे तपासा. मसलमध्ये तो २०२० च्या १.२.० पासून आहे. नाहीतर १९ जानेवारी २०३८ ला आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर १९७० पासूनचे सेकंद मोजणारा तो आकडा उलटेल. आज भिंतीला ठोकलेला डबा तेव्हाही तिथंच असेल, लोक चालणारी वस्तू काढत नाहीत.

लायसन्स

कोड खुला आहे म्हणजे लायसन्सची फाइल नसली तरी चालतं, हा गैरसमज सोडा. लायसन्स नसेल तर कायद्यानं कोणाला काहीच हक्क मिळत नाहीत. आणि पॅचमधला कोड कुठून आलाय ते विचारा. आमच्या एमआयटी या मोकळ्या लायसन्सच्या कोडमध्ये बिझीबॉक्समधल्या चाळीसेक ओळी एका पॅचमधून आल्या होत्या. बिझीबॉक्स जीपीएल आवृत्ती २ मध्ये आहे; त्यातून बनवलेला कोड वाटायचा तर त्याच लायसन्सखाली वाटावा लागतो. त्या ओळी काढून नव्यानं लिहाव्या लागल्या. २००७ मध्ये अमेरिकेत जीपीएलवरून पहिला दावा लागला तो बिझीबॉक्सच्याच कोडसाठी, मॉन्सून मल्टिमीडिया या कंपनीवर. तो कोर्टाबाहेर मिटला.

किल्ली एकाच ठिकाणी

रिलीजवर डिजिटल सही करायची माझी किल्ली (गुप्त फाइल) एकाच लॅपटॉपवर होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं तेव्हा आम्ही आईला, कागदपत्रांना आणि गॅसच्या सिलिंडरला वर चढवलं. लॅपटॉप खालच्या खोलीत टेबलावर राहिला, टेबल उंच आहे म्हणून. पाणी टेबलापेक्षा उंच आलं.

किल्ली गेली. ती रद्द झाल्याचं जगाला कळवायला लागतं ते रिव्होकेशन सर्टिफिकेटही त्याच डिस्कवर. पुढच्या रिलीजवर नवीन किल्लीची सही बघून लोकांनी शंका घेतली आणि त्यांना पटवण्यात दोन महिने गेले. आता किल्लीची प्रत दोन जागी आहे, रिलीज करायचा अधिकार दुसऱ्या एका सहकारिणीकडंही आहे, ती मिरजेत असते आणि रिलीजची यादी बघून माझ्याशिवाय सगळं करू शकते. एकदा मी मुद्दाम फोन बंद ठेवून तिला करायला लावलं, तर यादीत चार पायऱ्या नव्हत्याच. त्या माझ्या डोक्यात होत्या.

रिव्होकेशन सर्टिफिकेट कागदावर छापून आईच्या कपाटात ठेवलंय, सातबाऱ्याच्या फाइलीत, कारण पूर आला की ती फाइल सगळ्यात आधी वर जाते. दिवाळीत आवरताना आई तो कागद उलटसुलट करून बघते आणि विचारते, हा कुठल्या गटाचा उतारा रे?