घरातल्या आजारी माणसासाठी फादरना बोलावताना

घरात कुणी अंथरुणाला खिळले की डॉक्टर, औषधे, रात्रीची जागरणे यांची व्यवस्था तातडीने लागते. चर्चमध्ये निरोप द्यायचा मात्र राहून जातो. "फादर दारात दिसले तर ती घाबरेल, आपले काही खरे नाही असे तिला वाटेल," ही भीती बहुतेक घरांत असते, आणि ती मायेपोटीच असते. माझ्या आजीच्या वेळी आम्हीही असेच वागलो. तीन आठवडे ती पूर्ण शुद्धीवर होती, रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन बसत होती, आणि आम्ही तिच्यासमोर फादरांचा विषयसुद्धा काढत नव्हतो. शेवटी रात्री दोन वाजता धावाधाव करून फादरना आणले. अभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून करायची प्रार्थना, झाले, पण तोवर तिची वाचा गेली होती. पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, राहिले आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सामध्ये पवित्र केलेली भाकर, गिळण्याइतकी शुद्धही उरली नव्हती. पुढे धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या परिसरातल्या, आजाऱ्यांकडे कम्युनियन (हेच ख्रिस्तशरीर) घेऊन जाण्याची सेवा माझ्याकडे आली, तेव्हापासून सोलापुरातल्या अनेक घरांत मी हीच हुरहूर पाहिली आहे. म्हणून फादरना केव्हा बोलवावे आणि ते येण्यापूर्वी घरात काय तयारी असावी, हे इथे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट वेळेची. रुग्णाभ्यंग, म्हणजे वर सांगितलेले अभ्यंग, हा मरणाऱ्याचा नव्हे, तर आजाऱ्याचा संस्कार आहे. जुन्या पिढीला तो 'अंतिम अभ्यंग' म्हणून ठाऊक होता आणि त्या नावानेच भीती रुजवली. परंतु कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट सांगितले की त्याला आजाऱ्यांचे अभ्यंग म्हणणे अधिक योग्य आहे आणि तो केवळ शेवटच्या घटकेला द्यायचा नाही. त्यानंतर १९७२ साली सहावे पोप पॉल यांनी या संस्काराचा विधी नव्याने ठरवून दिला. आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे जिवाला धोका संभवू लागला, की तोच या संस्काराचा योग्य काळ. गंभीर आजाराचे निदान झाले, त्यासाठी मोठे ऑपरेशन ठरले, किंवा विशेष आजार नसूनही म्हातारपणाने शरीर फार खंगले, तर फादरना कळवावे. मूल समजत्या वयाचे असेल तर त्यालाही हा संस्कार मिळतो. तो एकदाच घेता येतो ही समजूत चुकीची आहे. बरे होऊन माणूस पुन्हा गंभीर आजारी पडला, किंवा त्याच आजाराने अधिक उचल खाल्ली, तर तो पुन्हा देता येतो. हे एकदा घरातल्यांना समजले की आजाऱ्याला सांगणेही सोपे जाते: "आई, उद्या फादर येणार आहेत, तुला बरे वाटावे म्हणून प्रार्थना करणार आहेत." यात खोटे काहीच नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावण्यास आणि प्रार्थना करण्यास सांगितले आहे, ते आजारी माणसाला उठवण्यासाठी.

फोन करताना नुसते "आजारी आहेत, या" असे सांगू नये. आजाऱ्याचे नाव, शुद्ध आहे की नाही, गिळता येते की नाही, पापनिवेदन करण्याची इच्छा आहे का, आणि घराची नेमकी खूण, इतके सांगावे. होटगी रोड किंवा जुळे सोलापूर एवढ्याने घर सापडत नाही, त्यामुळे कॉलनीच्या तोंडाशी कुणाला तरी उभे करावे. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलली जात असेल तर तेही कळवावे, कारण माणूस कितीही वर्षे मराठीत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकत असला, तरी आजारपणात त्याच्या ओठांवर लहानपणीच्या भाषेतली प्रार्थना येते. अशा वेळी ती म्हणणारी एखादी मावशी किंवा शेजारची बहीण सोबत बसवावी. आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. कम्युनियन घेऊन माझ्यासारखा नेमलेला सेवकही येऊ शकतो, परंतु अभ्यंग आणि पापनिवेदन यांसाठी धर्मगुरूच हवेत. अनेक धर्मग्रामांत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन नेण्याची पद्धत आहे. त्या यादीत नाव आधीच घातलेले असेल तर फादरांचे येणे आजाऱ्याच्या सवयीचे होते, आणि अभ्यंगाच्या दिवशी कुणी दचकत नाही.

आता खोलीविषयी. खाटेजवळ, आजाऱ्याला मान न वळवता दिसेल अशा जागी एक लहान टेबल किंवा स्टूल ठेवावे. त्यावर स्वच्छ पांढरे कापड अंथरावे. भरतकामाचे हवे असे काही नाही. आपल्याकडे पांढरा टॉवेल किंवा धुतलेला पंचा नाही असे घर नसेल, तोही चालतो, फक्त तो रोजच्या वापरातला नसावा. मधोमध क्रूस, दोन बाजूंना दोन मेणबत्त्या, एका वाटीत पवित्र पाणी, एका पेल्यात पिण्याचे पाणी आणि चमचा. अभ्यंग असेल तर एका बशीत थोडा कापूस आणि फादरना बोटांचे तेल काढण्यासाठी लिंबाची फोड ठेवावी. ही जुनी पद्धत आहे आणि साबणापेक्षा मला ती आवडते. टेबलावरच्या औषधाच्या बाटल्या, थर्मामीटर, मोबाइल तेवढ्यापुरते हलवावेत. ज्या टेबलावर ख्रिस्तशरीर ठेवले जाणार आहे ती काही वेळापुरती वेदी आहे, हे त्या मांडणीतूनच घरातल्या लहान मुलांनाही कळते.

मेणबत्तीबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा सकाळी उभी केलेली मेणबत्ती दुपारपर्यंत मान टाकते. म्हणून ती माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवून ऐन वेळी टेबलावर आणावी. ज्योत विझते म्हणून आजाऱ्याच्या डोक्यावरचा पंखा किंवा कूलर बंद करणारी घरे मी पाहिली आहेत. तसे करू नये. तापाने तळमळणाऱ्या माणसाचा वारा तोडून केलेली सजावट देवाला नको आहे. मेणबत्तीभोवती कंदिलाची काच ठेवावी, काम होते. आणि खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर किंवा यंत्र चालू असेल तर मेणबत्ती मुळीच पेटवू नये. हे मी आग्रहाने सांगतो, कारण भक्तीच्या भरात हा धोका कुणाच्या लक्षात येत नाही. अशा वेळी बॅटरीवरचा दिवा ठेवला तरी चालतो.

आजाऱ्याची तयारी त्याच्या सवयीच्या वेळापत्रकानुसार करावी. अंग पुसून, केस विंचरून, स्वच्छ कपडे घातले की थकलेल्या माणसाच्याही चेहऱ्यावर पाहुणा येणार असल्याची जाणीव उमटते. झोप आणणारे औषध कोणत्या वेळी दिले जाते हे फादरना सांगून त्याआधीची वेळ ठरवावी. मात्र भेटीसाठी औषधाची वेळ स्वतःच्या मनाने पुढे ढकलू नये. कम्युनियनपूर्वी एक तास उपवासाचा नियम आजाऱ्यांना, वृद्धांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू नाही. तरीही कित्येक आज्या सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता बसून राहतात. त्यांना प्रेमाने सांगावे की चर्चनेच त्यांना मोकळीक दिली आहे.

तोंड कोरडे पडणे ही सर्वांत नेहमीची अडचण. बरीच औषधे घेणाऱ्यांची जीभ टाळ्याला चिकटलेली असते, आणि त्यावर ठेवलेली पातळ होस्ती, म्हणजे ख्रिस्तशरीराची चकती, तिथेच अडकून बसते. मग माणूस खोकतो, घाबरतो आणि त्या घटकेची शांती हरवते. म्हणून फादर येण्याच्या थोडे आधी चमच्याने दोन-तीन घोट पाणी पाजून ओठ आणि जीभ ओली करावी, उशी उंच करून पाठ टेकवावी, आणि होस्ती दिल्यावर लगेच पुन्हा चमचाभर पाणी द्यावे. पूर्ण होस्ती गिळता येणार नसेल तर "अगदी बारीक तुकडा द्या" असे मोकळेपणाने सांगावे. तीळभर कणातही ख्रिस्त पूर्ण आहे, त्यात उणे काही नाही. घनपदार्थ अजिबात उतरत नसेल तर केवळ ख्रिस्तरक्ताच्या, म्हणजे पवित्र केलेल्या द्राक्षारसाच्या, रूपात कम्युनियन देता येते, पण त्यासाठी फादरांना आधी कल्पना हवी.

आपल्याकडे पाहुणा उंबऱ्यात आला की आधी पाणी, मग चहा. या भेटीत क्रम उलटा ठेवावा. येणाऱ्याच्या छातीशी लहान गोल डबीत, जिला पिक्स म्हणतात, ख्रिस्तशरीर असते, त्यामुळे तो वाटेत गप्पा मारत नाही. घरातल्या एकाने, शक्य असल्यास पेटती मेणबत्ती घेऊन, दारापाशी शांतपणे सामोरे जावे आणि थेट आजाऱ्याकडे न्यावे. टीव्ही बंद, मोबाइल मूक. चहा प्रार्थनेनंतर. शेजारी मायेने येऊन बसतात, त्यांना उठवू नये. लिंगायत काकू असोत की मुसलमान चाची, त्यांना प्रार्थनेत सहभागी होता येते. कम्युनियन मात्र कॅथलिक श्रद्धावंतांनाच दिले जाते, हे त्यांना आधीच हळुवारपणे सांगितले म्हणजे ऐन वेळी कुणाला अवघडल्यासारखे होत नाही.

विधीची सुरुवात अभिवादनाने होते आणि पवित्र पाणी शिंपडले जाते. आजाऱ्याला पापनिवेदन करायचे असेल तर घरातल्या सर्वांनी खोलीबाहेर जावे आणि दार लोटून घ्यावे. "तिला ऐकू कमी येते, मी सांगते फादरना" असे म्हणत मुलगी थांबते, तेही नको. ते काही क्षण त्या माणसाचे एकट्याचे असतात. मग सगळे आत येतात, पवित्र शास्त्रातला लहानसा उतारा वाचला जातो. तो नातवाने वाचला तर आजाऱ्याचे लक्ष अधिक लागते. त्यानंतर फादर काही न बोलता आजाऱ्याच्या मस्तकावर हात ठेवतात. त्या वेळी कुणीही स्तोत्र सुरू करू नये. ती शांतता विधीचाच भाग आहे.

मग अभ्यंग. हे तेल साधारणपणे बिशप पवित्र सप्ताहातल्या मिस्सामध्ये आशीर्वादित करतात. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येत असल्याने आपल्या फादरांच्या कुपीतले तेल पुण्याच्या बिशपांच्या हातून आलेले असते. ते ऑलिव्हचे किंवा अन्य वनस्पतीचे असते. फादर प्रथम कपाळावर आणि मग दोन्ही हातांवर तेल लावतात. कपाळाला लावताना प्रभूने पवित्र आत्म्याच्या कृपेने साहाय्य करावे, आणि हातांना लावताना पापांतून मुक्त करून तारावे व उठवावे, अशी प्रार्थना होते. दोन्ही वेळा आजारी माणूस "आमेन" म्हणतो. म्हणता येत नसेल तर घरच्यांनी म्हणावे. हाताला सलाइनची सुई असेल तर कोणता हात मोकळा आहे ते आधी दाखवावे. एका घरी, आयुष्यभर विड्या वळून बोटे वाकडी झालेल्या आजीचे तळवे फादरांनी एकेक करून उलगडले, त्यावर क्रूसाची खूण केली, आणि तिने ते हात कितीतरी वेळ तसेच उघडे धरून ठेवले होते. म्हणून लावलेले तेल लगेच पुसून काढू नये, अंगात मुरू द्यावे. पुढे सर्वांनी मिळून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणावे आणि मग कम्युनियन.

मृत्यू जवळ आल्याचे दिसत असेल तर शेवटचा संस्कार अभ्यंग नसून कम्युनियन असतो. लॅटिनमध्ये त्याला जे नाव आहे त्याचा अर्थच प्रवासाची शिदोरी. गावाला निघालेल्याला भाकरी-चटणी बांधून देणाऱ्या आपल्या माणसांना हा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. शुद्ध असतानाच ही शिदोरी हाती पडावी, यासाठीच लवकर बोलावण्याचा एवढा आग्रह.

बेशुद्ध माणसालाही अभ्यंग देता येते, शुद्धीवर असता तर त्याने ते मागितले असते असे मानता येत असेल तर. मृत्यू झाला की हा संस्कार दिला जात नाही, फादर त्याच्यासाठी प्रार्थना करतात. प्राण आहे की नाही याविषयी शंका असेल तर संस्कार देता येतो, म्हणून "आता उशीर झाला" असे स्वतःच ठरवून फोन टाळू नये. रुग्णालयात असाल तर अतिदक्षता विभागातल्या सिस्टरना आधी विचारावे, भेटीच्या वेळेबाहेर पाच मिनिटे मिळतील का ते पाहावे, आणि आत एकच नातेवाईक जावा. तिथे टेबल, कापड, मेणबत्ती काही नसते आणि त्याने संस्कारात कमतरता येत नाही.

फादर गेल्यावर कापूस कचऱ्यात टाकू नये. तो जाळून राख मातीत मिसळावी. ज्या पाण्यात होस्ती देणाऱ्याने बोटे धुतली ते मोरीत न ओतता कुंडीतल्या रोपाच्या मुळाशी ओतावे. पांढरे कापड वेगळे धुऊन, क्रूस आणि उरलेल्या मेणबत्त्यांसह एका डब्यात ठेवावे आणि तो डबा कुठे आहे हे घरातल्या दोघा-तिघांना माहीत असावे, कारण रात्री-अपरात्री गरज पडली तर शोधाशोध होते. झाकणावर आतल्या बाजूने चर्चचा फोन नंबर चिकटवून ठेवावा.