पावसाळ्यात बँटमची पिल्लं जगवायची तर

बँटम म्हणजे लहान चणीची कोंबडी. रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसलेल्या कोंबडीनेच पिल्लं काढली असतील तर ऊब देणं तिच्यावर सोडा. तुम्ही फक्त मुंगूस, मांजर आणि घार यांच्यापासून जपा. हा लेख मशीनमध्ये अंडी उबवणाऱ्यांसाठी आहे.

पिल्लू बाहेर पडलं की लगेच दाणा टाकायची घाई नको. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ते दोन दिवस सहज राहतं. अंग पूर्ण सुकल्यावरच हलवा.

आता उबेचं. "कोकणात एवढं उकडतं, बल्ब कशाला?" हे ज्याच्या त्याच्या तोंडी असतं आणि जुलैतल्या एका रात्रीत अर्धी पिल्लं जातात. दुपारी आपल्याला घाम फुटत असला तरी पहाटे ओला वारा सुटतो, आणि बँटमच्या एवढ्याशा अंगात ऊब टिकत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश सेल्सिअस हवेत. पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी करा. बल्ब जुना, तारेचा, 60 वॅटचा घ्या. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. बल्ब साखळीला टांगा, म्हणजे वरखाली करता येतो.

थर्मामीटर ठेवा, पण विश्वास पिल्लांवर ठेवा. बल्बखाली एकमेकांवर चढून चिरचिरत असतील तर थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. पंख सैल सोडून, चोच उघडी टाकून कडेला पांगली असतील तर वर घ्या. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय, तिथे गोणपाट लावा. पसरून निवांत झोपली की जमलं. रात्री झोपण्याआधी एकदा बघाच.

खोक्यापेक्षा पुठ्ठ्याचं गोल कुंपण बरं. कोपऱ्यात पिल्लं दाटतात आणि खालची गुदमरतात. लाईट गेली तर बाटलीत गरम पाणी भरून, गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून मध्ये ठेवा. पिल्लं आपोआप तिला चिकटतात. पाणी कोमट झालं की बदला. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही नको, तिचा न दिसणारा वायू जीव घेतो.

खाली नुसता वर्तमानपत्राचा कागद नको. त्यावर पाय घसरून फाकतात ते तसेच राहतात. सुरुवातीला गोणपाट, मग भाताचं कोरडं तूस. पाण्याची ताटली उथळ घ्या आणि तिच्यात गोटे टाका, बँटमचं पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं.

खायला चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. नुसत्या कणीवर वाढवू नका, त्यात पुरेशी प्रथिनं नसतात. शेपटीखाली विष्ठा चिकटून सुकली असेल तर कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून काढा, ओढू नका.

राणीखेत या कोंबड्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची लस पहिल्याच आठवड्यात, पशुवैद्यकाला विचारून द्या.

तिसऱ्या आठवड्यापासून तूस रोज हाताने दाबून बघा. ओलं लागलं तर त्याच दिवशी बदला. ओलीतच रक्ती हगवण फोफावते. विष्ठेत रक्त दिसलं की घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकाकडून औषध आणा आणि ते सगळ्या पिल्लांच्या पाण्यात घाला, एकट्या आजारी पिल्लाला नव्हे.