रॉटनचे वटवाघूळ: गुहेत न शिरता नोंद कशी करावी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत सापडलेल्या आणि १९१३ साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफिल्ड थॉमस यांनी शास्त्रीय वर्णन केलेल्या ‘ओटोमॉप्स रॉटनी’ या वटवाघळाचे दुसरे ठिकाण कित्येक दशके ठाऊक नव्हते. मेघालय आणि कंबोडियातील नोंदी फार उशिरा झाल्या. बारापेडे गुहांचा परिसर आता भीमगड अभयारण्यात येतो. त्यामुळे तिथे जाण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी आणि ती मिळाली नाही तर बेत रद्द करावा.

निघण्यापूर्वी या प्रजातीचा दर्जा नीट समजून घ्यावा. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ती पूर्वी ‘अतिसंकटग्रस्त’ होती, पुढे ‘माहिती अपुरी’ या वर्गात गेली. या बदलाचा अर्थ धोका टळला असा अनेक जण लावतात, पण धोका किती आहे हे ठरवण्याइतकी माहितीच हाती नाही, एवढेच तो वर्ग सांगतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने तिला संरक्षण दिले आहे, आणि हे भाग्य आपल्याकडच्या फार थोड्या वटवाघळांना लाभले आहे.

सूर्यास्तापूर्वी अर्धा तास आधी गुहेच्या तोंडापासून दूर, बाजूला बसावे. उडत्या वटवाघळांची वाट अडेल अशा जागी बसू नये आणि आत तर पाऊलही टाकू नये, कारण बिथरलेल्या माद्या उडाल्या की पिल्ले खाली पडू शकतात, आणि वर्षाला बहुधा एकच पिल्लू देणाऱ्या प्राण्याची ती हानी लवकर भरून येत नाही. बॅटरीचा झोत, फ्लॅश आणि धूर कटाक्षाने टाळावेत. आकाश अजून उजळ असते तोवर त्या पार्श्वभूमीवर बाहेर पडणारी वटवाघळे मिनिटामिनिटाने मोजावीत, आत परतणारी वेगळी मोजून वजा करावीत, आणि वहीत तारीख, वेळ, पाऊस व चांदणे यांची नोंद करावी.

पुढे झुकलेले मोठे कान, मागच्या पायांमधल्या पातळ पडद्याच्या बाहेर मोकळी सुटलेली शेपटी, चॉकलेटी अंग आणि मानेमागचा फिकट पट्टा ही रॉटनच्या वटवाघळाची लक्षणे असली, तरी संधिप्रकाशात उडताना ती सहसा दिसत नाहीत. म्हणून खात्री नसेल तर प्रजातीचे नाव लिहू नये, फक्त ‘मोकळ्या शेपटीचे वटवाघूळ’ एवढेच लिहावे. माझ्या मते चुकीच्या नावापेक्षा अशी अपुरी नोंद अभ्यासकाच्या अधिक उपयोगी पडते.

नोंदवहीची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावी, मात्र गुहेचे नेमके स्थान समाजमाध्यमांवर टाकू नये. ज्या संध्याकाळी एकही वटवाघूळ बाहेर पडले नाही, त्या दिवशीचे शून्यही तारखेसह त्याच वहीत लिहावे.