माशांच्या टाकीतलं पाणी तापलंय? मग या चुका टाळा

थर्मामीटर ३२ अंश दाखवू लागला की हात आपोआप फ्रीजकडे जातो. माझाही गेला होता. टाकी २० लिटरची, आत निऑन टेट्रा या इवल्या माशांचा छोटा घोळका, आणि मी त्यात किलोभर बर्फ ओतून मोकळा झालो. अर्ध्या तासात पारा पाच अंशांनी उतरला तेव्हा स्वतःवर भलताच खूश होतो. संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा होतं तिथेच आलं, आणि तीन-चार दिवसांत माशांच्या अंगावर साखर शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले. पाण्याचं तापमान असं खाली-वर झालं की माशांची प्रतिकारशक्ती ढासळते, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग अशा संधीची वाटच बघत असतो. हळूहळू तापलेलं पाणी मासे पुष्कळदा सोसतात. झटक्यात थंड झालेलं सोसत नाहीत.

बर्फावर भरवसा

छोट्या टाकीत बर्फ धोक्याचा, तर मोठ्या टाकीत निव्वळ निरुपयोगी. हिशेब करून बघा. १०० लिटर पाण्यात १ किलो बर्फ पूर्ण वितळला तरी पाणी जेमतेम १ अंशाने उतरतं. याउलट १ लिटर पाणी वाफ होऊन उडालं, तर जाताना ते सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. बर्फाच्या हे पाचपट झालं, आणि तेही दिवसभर सावकाश, माशांना झटका न देता. म्हणून झाकण काढा आणि एक लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा लागेल असा लावा. खोलीची उष्णता पाण्यात परत येत राहते, त्यामुळे प्रत्यक्षात २ ते ४ अंशांचा फरक पडतो. हवा दमट असेल तर त्याहून कमी. तेवढाही बहुतेक वेळा पुरतो.

झाकण काढल्यावर उड्या मारणारे मासे बाहेर पडतात, तेव्हा वर जाळी टाका. पंख्याची वायर प्लगच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न शिरता खालीच टपकेल.

अगदीच गळ्याशी आलं तर बर्फ टाकीत न टाकता पाण्याची बाटली गोठवून ती बंदच तरंगत ठेवा. एका तासात एक अंशाहून जास्त उतार पडू लागला तर बाटली काढून घ्या.

नुसत्या आकड्याकडे बघणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उन्हाळ्यात मासे मरतात ते पुष्कळदा उष्णतेने नव्हे, गुदमरून. २० अंशांच्या पाण्यात एका लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. आणि नेमकं याच वेळी माशांच्या शरीराचा वेग वाढलेला असतो, त्यामुळे त्यांना ऑक्सिजन लागतो जास्त. फिल्टरमधल्या, घाण पचवणाऱ्या जिवाणूंनाही तो हवा असतो. रात्री दिवा बंद झाला की वनस्पतीही ऑक्सिजन देण्याऐवजी घेऊ लागतात. म्हणून सर्वांत वाईट वेळ दुपारची नसते, पहाटेची असते. रात्री आवाज होतो म्हणून एअर पंप बंद करून झोपणाऱ्यांना सकाळी पालथे मासे दिसतात ते त्यामुळे.

पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवणं हा खरा उपाय. एअर स्टोनच्या (पंपाच्या नळीच्या टोकाला लावलेल्या सच्छिद्र दगडाच्या) बुडबुड्यांतून थेट फार ऑक्सिजन विरघळत नाही, ते वर येऊन पाणी ढवळतात त्याचा खरा फायदा. एअर पंप नसेल तर पाण्याची पातळी चार-पाच सेंटिमीटर कमी करा, फिल्टरची धार उंचावरून पडू लागेल. फुकटचा उपाय आहे, आणि मी तो पंख्याच्याही आधी करतो.

मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर ऑक्सिजन कमी पडतोय असं धरून चाला. मात्र फायटर आणि गुरामी एरवीही वर येऊन हवा गिळतात, त्यांना बघून घाबरू नका. पृष्ठभाग चांगला हलतोय, पाणी २७ अंशांवर आहे आणि तरी मासे धापा टाकतायत, अशा वेळी माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारा अमोनिया तपासा. पीएच ८ असलेल्या पाण्यात २५ अंशांना एकूण अमोनियाचा साधारण ५ टक्के भाग विषारी रूपात असतो. ३० अंशांना तो ७ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे एरवी खपून जाणारी घाण उन्हाळ्यात खपत नाही.

भुकेला फसणं

कोमट पाण्यात मासे सारखे खायला मागतात. देऊ नका. नेहमीच्या निम्मं पुरे, आणि पारा फारच चढलेल्या दिवशी काहीच दिलं नाही तरी चालतं.

वाफ झालेलं पाणी भरत राहणं आणि बदलणं विसरणं

पंखा लावल्यावर पातळी रोज थोडी उतरते. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. त्यात नळाचं पाणी भरत गेलात तर टाकीतल्या पाण्यात दिवसेंदिवस क्षार वाढत जातात. तेव्हा भर घालायला आरओचं पाणी घ्या आणि आठवड्याचा पाणीबदल चालूच ठेवा. एका वेळी पाचवा हिस्सा बदला, क्लोरीन काढलेलं आणि टाकीपेक्षा एक-दोन अंशच थंड असं पाणी घाला. दुपारी नळाला येणारं पाणी कधीकधी टाकीपेक्षाही गरम असतं, म्हणून आधी थर्मामीटर बुडवून बघा. तोही काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टी नको, तिला खोलीचीच हवा जास्त कळते.

वीज आल्यावर फिल्टर तसाच सुरू करणं

वीज बरेच तास गेली तर बंद कॅनिस्टरमधला, म्हणजे टाकीबाहेरच्या डब्यासारख्या फिल्टरमधला, ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरू लागतात आणि आतलं पाणी कुजतं. उष्ण दिवसांत हे फार लवकर होतं. कॅनिस्टर उघडा, आतलं पाणी ओतून द्या, स्पंज टाकीतल्याच पाण्यात खळबळा आणि मग सुरू करा.

सगळ्या माशांना एकच माप लावणं

२९ अंशांना डिस्कस मजेत असतो, गोल्डफिश मात्र २४ च्या वर अस्वस्थ व्हायला लागतो. कोरीडोरास आणि निऑनही २६ च्या पुढे फार दिवस ठेवू नयेत. दर उन्हाळ्यात चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्यावा का असा विचार मनात येत असेल, तर आधी आपण पाळलेले मासे आपल्या हवेला झेपणारे आहेत का ते बघा. चिलरही पाण्यातली उष्णता खोलीतच सोडतो. कोंदट कपाटात ठेवला तर त्याचाच दम निघतो.

राहिला हीटर. तो २६ वर लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका, थर्मोस्टॅट अडकला तर भर उन्हाळ्यातही तो चालू राहू शकतो. प्लग काढून ठेवा, आणि हवा पालटली की परत लावायची आठवण म्हणून त्याच वायरला एक चिठ्ठी बांधा.