मत मांडायचंय? मग टाकायच्या आधी हे बघून घ्या

पोस्ट टाकली, लोक तुटून पडले की पुढचं वाक्य ठरलेलं, "मला बोलायचं स्वातंत्र्य नाही का?" आहे ना, पण कोणापासून ते बघा. बोलण्याच्या स्वातंत्र्याची हमी देणारी अमेरिकेची १७९१ ची पहिली घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते, तुमच्या मावसभावाचे नाही, त्याने ब्लॉक केलं तर ती सेन्सॉरशिप नव्हे, तोही त्याचं मतच सांगतोय. आणि नागरी व राजकीय हक्कांचा १९६६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या कलम १९ मध्येच लिहिलंय की या हक्कासोबत खास जबाबदाऱ्या येतात, दुसऱ्याची अब्रू राखायला कायदा मर्यादा घालू शकतो.

तर टाकायच्या आधी मनात नावं घ्या. मोघम "लोक" नको, खरी माणसं: बॉस, वहिनी, शाळेचा ग्रुप. यातलं कोण बोलायचं बंद झालं तरी तुम्हाला चालेल? चालत असेल तर बिनधास्त टाका, नसेल तर आधी त्या माणसाशी फोनवर बोला, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

मग वाक्य तपासा. "सगळे डॉक्टर लुटारू" लिहिलं की ग्रुपमधली डॉक्टर नणंद दुखावणारच, आणि तुमचा मूळ मुद्दा गेला उडत. "गरज नसताना टेस्ट लिहून देतात असं मला वाटतं, मला कारण न सांगता दोन दिल्या" असं लिहा, मग ती निदान उत्तर तरी देईल. तिखट लिहायला हरकत नाही, पण नेम धरून.

नोकरी असेल तर कंपनीची सोशल मीडिया पॉलिसी वाचा, जॉइन होताना सही केलेली असते आणि वाचलेली कोणीच नसते.

गदारोळ झालाच तर "अकाउंट हॅक झालं होतं" हे प्लीज नको, कोणी विश्वास ठेवत नाही. चुकलं असेल तर तिथेच खाली लिहा, चुकलं नसेल तर ठाम रहा आणि एकदोन उत्तरं देऊन फोन बाजूला ठेवा, प्रत्येकाला पटवायचा ठेका घेतलेला नाही आपण.

मात्र परिणाम सोसायचे म्हणजे काहीही सोसायचं नाही हं. टीका, टिंगल, अनफ्रेंड, हे ठीक. जिवाची धमकी किंवा घरचा पत्ता पब्लिक करणं यात बसत नाही, तिथे तक्रारच करायची. त्याआधी तारीख, वेळ, प्रोफाइलची लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि घाबरून स्वतःची पोस्ट लगेच उडवू नका, तिच्याखालच्या धमक्यांच्या कमेंट्सही सोबत जाऊ शकतात.