वसईहून इंदूरला येणाऱ्यांसाठी

वसईहून नोकरीनिमित्त इकडे आलेली आपली कॅथलिक मंडळी सामान लावायच्या आत विचारतात, "मराठी मिस्सा कुठे असते?" माझं उत्तर ठरलेलं: ते नंतर बघू, या रविवारपासून हिंदी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, यायला लागा. तिकडे आजोबा-पणजोबांपासून आपला एकच धर्मग्राम, म्हणजे एकाच चर्चची मंडळी. इथे मलयाळी, तमिळ, गोवेकर, भिल्ल, सगळे एकाच बाकावर. आणि बिशपच मुळात बाहेरून आलेले!

ही गोष्ट जरा नीट सांगते. एसव्हीडी (सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड) या कॅथलिक संघाचे मिशनरी १९३२ साली भारतात आले, १९३५ मध्ये इंदूर हे त्यांचं वेगळं मिशनक्षेत्र झालं आणि १९५२ मध्ये धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा मुलूख. पहिले बिशप फ्रान्सिस सायमन्स, नेदरलँड्सचे. पुढे खंडवा (१९७७) हा धर्मप्रांत इंदूरमधूनच वेगळा निघाला आणि झाबुआचा (२००२) इंदूर व उदयपूर या दोन धर्मप्रांतांचे भाग काढून झाला, यावरून सायमन्स यांच्या वाट्याला आलेल्या मुलखाची कल्पना येईल. शहरातला भाविक वेगळा, भिल्लांच्या पाड्यावरचा वेगळा. फादर मोजके, म्हणून शाळा, दवाखाने चालवायला सिस्टर्स परप्रांतातून आणायच्या. माणूसही स्वतंत्र बुद्धीचा: पोप श्रद्धेच्या बाबतीत चुकू शकत नाहीत, या शिकवणीवरच शंका घेणारं पुस्तक त्यांनी १९६८ मध्ये, बिशप असतानाच लिहिलं. १९७१ मध्ये ते पदावरून उतरले. आपल्याकडे धर्मशिक्षणाच्या वर्गात हे कुणी सांगितलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

झाबुआचे पहिले बिशप चाको थोट्टुमारिकल केरळचे. तेच पुढे इंदूरला आले. परभाषेत प्रवचन करत बिशप धर्मप्रांत उभा करतात, मग आपल्याला हिंदीत 'प्रणाम मरिया' म्हणायला कसली अडचण? गायनमंडळात शिरा, महिन्याभरात प्रार्थना तोंडपाठ होतात.

आता व्यवहाराचं. रिक्षावाल्याला नुसतं 'चर्च' म्हणू नका. व्हाइट चर्च प्रोटेस्टंट बांधवांचं. आपलं कॅथेड्रल म्हणजे रेड चर्च. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे) दाखले गावाहून निघतानाच घ्या. लग्न ठरत असेल तर गावच्या फादरांचं 'लग्नाला हरकत नाही' असं पत्र लागेलच, ते ऐन वेळी मागवायची वेळ आणू नका. कुटुंबाचं नाव धर्मग्रामाच्या वहीत घाला.

उज्जैनला गेलात तर मिस्सेची पद्धत वेगळी दिसेल. तो सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या जुन्या परंपरेतला कॅथलिक धर्मप्रांत आहे. बिनधास्त जा, रविवारची मिस्सा झाली असंच धरा.

शेजाऱ्यांना नाताळचं फराळाचं ताट जरूर द्या. धर्मांतराच्या गप्पा मात्र चेष्टेतही नकोत. मध्य प्रदेशात त्याचा कायदा १९६८ पासूनचा, २०२१ मध्ये आणखी कडक झालेला. कुणी खरंच काही विचारलं तर फादरांकडे पाठवा.

२५ फेब्रुवारीला उदयनगरला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) सिस्टर राणी मारिया यांच्या समाधीला जा. याही केरळहून आलेल्या, शेतमजुरांना सावकारीतून सोडवण्यासाठी झटलेल्या. १९९५ मध्ये याच दिवशी बसमध्ये त्यांची हत्या झाली. २०१७ मध्ये त्यांना धन्य घोषित केलं, तो सोहळा इंदूरमध्येच झाला. त्यांच्या कुटुंबानं मारेकऱ्याला माफ केलं, सख्ख्या बहिणीनं त्याला राखी बांधली.

मराठीची तहान लागली की सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना या. परेरा, लोपीस आडनाव ऐकून पुढच्या खुर्चीतल्या काकू मागे वळतील, मराठी ऐकून आणखी वळतील. मध्यंतरात चहा घेताना मग तुम्हीच सांगा वसईचं.