फेरीला निघताय? आधी गाडीचं ठरवा

व्हँकुव्हरला येऊन थोडे दिवस झाले की लाँग वीकेंडला कुणीतरी म्हणतंच, ‘चला, व्हिक्टोरियाला जाऊन येऊ.’ व्हिक्टोरिया समुद्रापलीकडच्या बेटावर आहे, तिथे फेरीने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या मोठ्या जहाजाने जायचं. नकाशात अंतर किरकोळ दिसतं. पण ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर किलोमीटर मोजून काही कळत नाही. वेळ खाते ती टर्मिनलवरची, म्हणजे फेरीच्या धक्क्यावरची रांग, आणि रांग असते ती गाड्यांची.

म्हणून माझं पहिलं सांगणं: एकदा तरी गाडीशिवाय जा. कॅनडा लाइन या मेट्रोने ब्रिजपोर्टला उतरा, 620 नंबरची बस थेट त्सवासन टर्मिनलला सोडते. तिथून पलीकडच्या स्वॉर्ट्झ बे टर्मिनलपर्यंतचा फेरीचा प्रवास 1 तास 35 मिनिटांचा. पलीकडे उतरल्यावर 70 किंवा 72 नंबरची बस व्हिक्टोरियात नेते. पायी प्रवाशाला रिझर्व्हेशनची गरज नाही आणि भाडंही गाडीच्या मानाने बरंच कमी. व्हिक्टोरियाचा मुख्य भाग चालत फिरण्याजोगा आहे. तिथे गाडी असली की पार्किंगच शोधत बसाल.

त्याच बेटावरच्या नानाइमो शहराला जायचं तर हॉर्सशू बे टर्मिनलहून डिपार्चर बे, 1 तास 40 मिनिटं. डाउनटाउनहून 257 नंबरची बस हॉर्सशू बेला जाते. 2023 पासून हुल्लो नावाची फक्त प्रवाशांची बोटही डाउनटाउनमधूनच नानाइमोला जाऊ लागली आहे. नानाइमोच्या पुढे टोफिनोसारख्या ठिकाणी जायचं असेल, तर मात्र गाडी हवी. तिथे हट्ट नको.

गाडी न्यायची ठरली की फेरी चालवणाऱ्या बीसी फेरीज कंपनीच्या साइटवर आधी रिझर्व्हेशन करा. उन्हाळ्यात आणि लाँग वीकेंडला तर तारीख ठरल्या ठरल्याच करा. चेक-इनची वेळ टळली तर पैसे भरूनही जागा जाते, मग ‘दोन सेलिंगचं वेटिंग’, म्हणजे दोन जहाजं डोळ्यांदेखत सुटून जाणं, काय असतं ते गाडीत बसून समजतं. घरातून निघण्यापूर्वी त्याच साइटवरचं ‘करंट कंडिशन्स’ हे ताज्या स्थितीचं पान बघायची सवय लावून घ्या. हिवाळ्यात वारा सुटला की फेऱ्या ऐनवेळी रद्द होतात. त्यामुळे पलीकडे इंटरव्ह्यू किंवा पीआरसंबंधी (कायम रहिवासाचं) काही काम असेल, तर आदल्या दिवशीच पोचा.

जहाज सुटल्यावर खालच्या बंदिस्त डेकवर गाडीत बसून राहता येत नाही, 2017 पासून तसा नियम आहे. जॅकेट, औषधं, लेकराचं दूध असं सगळं बरोबर घेऊनच वर जा. वर गेलात की बाहेरच्या डेकवर उभे राहा. त्सवासन–स्वॉर्ट्झ बे मार्गावर गॅलियानो आणि मेन बेटांमधून जहाज अॅक्टिव्ह पास या चिंचोळ्या खाडीतून वळत जातं, ती काही मिनिटं फोनमध्ये घालवू नका. वारा ऑगस्टमध्येही गार असतो.

छोट्या बेटांचं गणित वेगळं. सॉल्ट स्प्रिंगला तीन टर्मिनलं आहेत: फुलफर्ड, लाँग हार्बर आणि व्हेसूव्हियस. परतीची फेरी कुठून सुटते ते बघूनच राहण्याची जागा घ्या. शेवटची फेरी चुकली तर मुक्काम पक्का, आणि उन्हाळ्यात ऐनवेळी खोली मिळणं कठीण.

सनशाइन कोस्ट मुख्य भूमीवरच आहे, तरी व्हँकुव्हरहून तिथे रस्त्याने जाता येत नाही! हॉर्सशू बे ते लँगडेल, 40 मिनिटं. भाडं जाताना हॉर्सशू बेलाच घेतात, येताना लँगडेलला काही द्यावं लागत नाही. त्यामुळे जातानाचा आकडा बघून दचकू नका.

आई-बाबांचंही बघून ठेवा. 65 वर्षं पूर्ण झालेल्या, याच प्रांताच्या रहिवाशांना बहुतेक मार्गांवर सोमवार ते गुरुवार प्रवासी भाडं लागत नाही, सुट्टीचे दिवस सोडून. गाडीचं भाडं मात्र द्यावंच लागतं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना ही सवलत नाही, त्यामुळे खिडकीवर वाद घालू नका. आणि ज्यांना मिळते त्यांनी वय आणि रहिवास दाखवणारं कार्ड खिशात ठेवावं, सुटकेसमध्ये नव्हे.